यूर-लेक्स: कायद्याचा प्रवास दाखवणारी सेवा, आणि त्या प्रवासातला न दिसणारा टप्पा

युरोपीय संघाचा एखादा नियम कोणी मांडला, वाटेत त्याचे रूप कुठे पालटले आणि आज तो नेमक्या कोणत्या शब्दांत लागू आहे, हे पाहायचे असेल तर यूर-लेक्सला पर्याय नाही. संघाच्या लक्झेंबर्ग येथील प्रकाशन कार्यालयाकडून चालवली जाणारी ही ऑनलाइन सेवा विनामूल्य आहे, नोंदणी न करता वापरता येते आणि संघाच्या २४ अधिकृत भाषांत उपलब्ध आहे. १ जुलै २०१३ पासून राजपत्राची इलेक्ट्रॉनिक आवृत्तीच अधिकृत मानली जाते, त्यामुळे येथे वाचलेला राजपत्रातील मजकूर हाच कायदा असतो.

ही सेवा किती उपयोगी पडते आणि कुठे कमी पडते, हे एका कायद्याचा माग काढला की चांगले कळते. मोबाइल फोन व इतर उपकरणांसाठी सामाईक यूएसबी-सी चार्जर सक्तीचा करणारा २०२२ चा निर्देश, म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा संघाचा कायदा, त्यासाठी योग्य आहे. त्याचा सेलेक्स क्रमांक, म्हणजे यूर-लेक्सवरील प्रत्येक दस्तऐवजाची स्वतंत्र ओळख, ३२०२२एल२३८० असा आहे: आरंभीचा ३ हा आकडा संमत कायद्याचा, पुढे वर्ष, ‘एल’ म्हणजे निर्देश आणि शेवटी अनुक्रमांक. ही रचना एकदा अंगवळणी पडली की शब्दांनी शोधत बसण्याची गरज उरत नाही, आणि ते बरेच आहे, कारण शब्दांनी केलेला शोध इतके निकाल पुढे टाकतो की नवखा वाचक गोंधळून जातो.

कार्यपद्धतीच्या पानावर या निर्देशाचा प्रवास तारखांनिशी मांडलेला आहे. २३ सप्टेंबर २०२१ रोजी युरोपीय आयोगाने, म्हणजे संघाच्या कार्यकारी संस्थेने, प्रस्ताव मांडला. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी युरोपीय संसदेने तो ६०२ विरुद्ध १३ मतांनी मंजूर केला, ८ सदस्य तटस्थ राहिले. २४ ऑक्टोबरला सदस्य देशांच्या मंत्र्यांच्या परिषदेने संमती दिली, २३ नोव्हेंबरला स्वाक्षऱ्या झाल्या आणि ७ डिसेंबरला तो राजपत्रात आला. प्रत्येक टप्प्याची कागदपत्रे तेथूनच उघडता येतात. राष्ट्रीय विधिमंडळांतून काय चालले आहे हे कळणेही जिथे अनेकदा कठीण असते, तिथे २७ देशांना बांधणाऱ्या कायद्याची ही वंशावळ कोणालाही घरबसल्या वाचता यावी, याचे मोल मला फार वाटते.

मात्र हे पान वाचून असा समज होतो की संसदेने पहिल्याच वाचनात मजकूर ठरवला आणि परिषदेने तो आहे तसा स्वीकारला. औपचारिकदृष्ट्या ते खरेच आहे. प्रत्यक्षात सौदा त्याआधीच, ७ जून २०२२ रोजी, आयोग, संसद आणि परिषद यांच्या प्रतिनिधींच्या त्रिपक्षीय बैठकीत पक्का झाला होता. ट्रायलॉग म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बैठका बंद दाराआड होतात, आणि संघाचे बहुतेक कायदे आज याच मार्गाने आकाराला येतात. आयोगाच्या मूळ प्रस्तावात लॅपटॉप नव्हते. संसदेच्या अंतर्गत बाजारपेठ समितीने एप्रिल २०२२ मध्ये त्यांचा आग्रह धरला. अंतिम मजकुरात ते आले, पण फोनसाठी २८ डिसेंबर २०२४ ही तारीख ठरली असताना लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ठेवली गेली. ही वाढीव मुदत कोणी मागितली आणि तिच्या बदल्यात कोणी काय सोडले? प्रस्ताव आणि अंतिम मजकूर शेजारी ठेवून फरक तेवढा टिपता येतो, कारण मात्र या पानावर सापडत नाही. समितीचा अहवाल पाहायचा तर कायद्यांच्या वाटचालीची नोंद ठेवणाऱ्या संसदेच्या लेजिस्लेटिव्ह ऑब्झर्व्हेटरी या संकेतस्थळाकडेच वळणे सोयीचे पडते.

सेवेतला सर्वांत चोख भाग म्हणजे एकत्रित मजकूर. चार्जरचा निर्देश हा मुळात २०१४ च्या रेडिओ उपकरणांविषयीच्या निर्देशातील दुरुस्ती आहे, तो सुटा वाचून फारसे काही हाती लागत नाही. एकत्रित आवृत्तीत मात्र दुरुस्ती मूळ कलमांत बसवलेली दिसते, आणि बाणाच्या खुणेपुढील ‘बी’ व ‘एम’ या अक्षरांवरून कोणते वाक्य मूळचे आणि कोणते नंतर आलेले हे लगेच ओळखता येते. हा मजकूर केवळ संदर्भासाठी आहे, त्याला कायदेशीर बळ नाही, ही सूचना तेथे स्पष्ट दिलेली असते आणि न्यायालयीन कामासाठी वाचणाऱ्याने ती गांभीर्याने घ्यावी. एकाच वेळी तीन भाषांतील मजकूर शेजारी पाहण्याची सोयही भरवशाची आहे. कोणत्या सदस्य देशाने निर्देश आपल्या कायद्यात कसा उतरवला याचीही नोंद येथे मिळते, परंतु ती त्या त्या देशाने कळवलेल्या माहितीवर अवलंबून असते.

त्रिपक्षीय बैठकांत चार रकान्यांचा एक तक्ता वापरतात: आयोगाचा प्रस्ताव, संसदेची भूमिका, परिषदेची भूमिका आणि चौथ्या रकान्यात तडजोडीचा मजकूर. हा चौथा रकाना वाटाघाटी चालू असताना उघड करण्यास संसदेने नकार दिला होता. २२ मार्च २०१८ रोजी डी कॅपितानी विरुद्ध संसद या खटल्यात संघाच्या सामान्य न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि असे तक्ते सरसकट गोपनीय मानता येणार नाहीत असे सांगितले. तरीही नागरिकाला सहसा ते अर्ज करून मागावे लागतात, आणि उत्तर येईपर्यंत वाटाघाटी पुष्कळ पुढे गेलेल्या असू शकतात. हे तक्ते प्रत्येक कायद्याच्या कार्यपद्धतीच्या पानाला, बैठकांच्या तारखांसह, वाटाघाटी चालू असतानाच जोडले गेले पाहिजेत. बाकी सगळी चौकट या सेवेने आधीच उभी केलेली आहे.