पाचक सिरप, लॅक्टेज की पॅनक्रिएटिन : कोणी काय घ्यावे आणि कसे घ्यावे

इंदूरच्या मराठी घरांतल्या फ्रिजच्या दारात पाचक सिरपची बाटली सहसा सापडतेच. मेडिकलवर ती कोणालाही मिळते. स्वादुपिंडातील पाचक एन्झाइम असलेल्या पॅनक्रिएटिनच्या कॅप्सूल मात्र डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच घ्यायच्या असतात आणि त्या महागही असतात. त्यामुळे सिरप म्हणजे सौम्य औषध आणि कॅप्सूल म्हणजे त्याचेच तीव्र रूप, अशी अनेकांची समजूत होते. प्रत्यक्षात ही औषधे वेगवेगळ्या तक्रारींसाठी आहेत आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही.

बहुतेक सिरपांमध्ये फंगल डायस्टेज आणि पेप्सिन हे दोन घटक असतात. बुरशीपासून मिळवलेले डायस्टेज पिष्टावर काम करते, तर पेप्सिन जठरातील आम्लाच्या साहाय्याने प्रथिने तोडते. चरबीवर दोहोंपैकी एकाचाही परिणाम होत नाही. सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात तळलेला गराडू (एक कंद), भुट्ट्याचा किस आणि वर रबडी खाल्ल्यावर जो जडपणा येतो, त्यात तेला-तुपाचा वाटा मोठा असतो, कारण स्निग्ध अन्नाने जठर उशिरा रिकामे होते. शिवाय निरोगी स्वादुपिंड गरजेपेक्षा कितीतरी अधिक एन्झाइम बनवते, इतके की त्याची सुमारे 90 टक्के क्षमता गेल्यानंतरच चरबी न पचता शौचावाटे पडू लागते. म्हणून निरोगी माणसाला या सिरपचा लाभ बेताचाच होतो, असे माझे मत आहे. एक-दोन दिवस घेतल्याने सहसा बिघडत नाही, पण आठवडेच्या आठवडे घेत राहिल्यास मूळ आजाराचे निदान लांबते.

चिठ्ठीशिवाय मिळते म्हणून ते प्रत्येकाला निर्धोक आहे, असेही नाही. मधुमेहासाठी अकार्बोज किंवा मिग्लिटॉल घेणाऱ्यांनी डायस्टेज टाळावे, कारण या गोळ्या पिष्टमय पदार्थांचे पचन मुद्दाम मंदावतात आणि डायस्टेज नेमके उलटे काम करते. त्याच गटातील व्होग्लिबोज चालू असल्यासही आधी डॉक्टरांना विचारावे. सिरपमध्ये साखर आहे का, हेही लेबलवर पाहावे. काही पाचक गोळ्यांमध्ये पपईतले पपेन आणि सक्रिय कोळसा असतो. कोळसा पोटातील इतर औषधे शोषून घेऊ शकतो, म्हणून त्या औषधांत आणि या गोळीत किमान दोन तासांचे अंतर असावे. कोळशाने शौचाचा रंग काळा होतो, आणि तसाच काळा रंग पोटातील रक्तस्रावानेही येतो, ही बाब डॉक्टरांपासून लपवू नये. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी, तसेच पपई किंवा लॅटेक्सची ॲलर्जी असणाऱ्यांनी पपेन घेऊ नये.

लॅक्टेजचा प्रश्न त्यामानाने सोपा आहे. इंदूरची शिकंजी लिंबाची नसून दाट दुधाची असते. ती प्यायल्यावर किंवा नुसत्या दुधानेही पोट फुगून जुलाब होत असतील, तर दुधातील साखर न पचण्याची शक्यता असते. ही साखर पचवणारे लॅक्टेज हे एन्झाइम पहिल्या घोटाबरोबरच घ्यावे लागते. दही अशा अनेकांना गोळीशिवायही सोसते, म्हणून आधी तो बदल करून पाहावा.

पॅनक्रिएटिन दीर्घकालीन स्वादुपिंडदाह, स्वादुपिंडाची शस्त्रक्रिया किंवा कर्करोग आणि सिस्टिक फायब्रोसिस (शरीरातील स्राव घट्ट होणारा आनुवंशिक आजार) यांसारख्या स्थितींत देतात. तेलकट, दुर्गंधीयुक्त, पाणी ओतूनही भांड्याला चिकटून राहणारे शौच आणि घटणारे वजन ही त्याच्या गरजेची लक्षणे होत. शौचातील इलास्टेज (स्वादुपिंडाचे एक एन्झाइम) प्रति ग्रॅम 200 मायक्रोग्रॅमखाली असल्यास संशय घेतात, 100 खाली असल्यास तो बळावतो. मात्र नमुना पाण्यासारखा पातळ असेल तर आकडा खोटाच कमी दिसू शकतो.

हे औषध घेण्यात वेळेला फार महत्त्व आहे. कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यावी आणि एकाहून अधिक असतील तर त्या जेवणभर विभागाव्यात, कारण उपाशीपोटी किंवा हात धुतल्यावर घेतलेली कॅप्सूल अन्नाबरोबर आतड्यात पोहोचत नाही. आतील कणांवर आम्लापासून रक्षण करणारे आवरण असते, म्हणून ते चावू किंवा कुटू नयेत. गिळणे अवघड असल्यास कॅप्सूल उघडून कण सफरचंदाच्या आंबटसर गरावर घालावेत, लगेच गिळावेत आणि वर पाणी प्यावे. कण तोंडात राहिले तर तिथे फोड येऊ शकतात. गरम वरण-भातात ते कधीही मिसळू नयेत.

प्रौढांचा प्रारंभिक डोस साधारणपणे दर जेवणाला शरीराच्या प्रत्येक किलोमागे चरबी पचवणाऱ्या लायपेजची 500 युनिट्स असतो, म्हणजे 60 किलो वजनाला 30,000. मधल्या वेळच्या खाण्याला त्याच्या निम्मा पुरतो. दर जेवणाला किलोमागे 2,500 आणि दिवसाला किलोमागे 10,000 युनिट्स ही मर्यादा ओलांडू नये. 1990च्या दशकात सिस्टिक फायब्रोसिसच्या मुलांमध्ये फार मोठ्या डोसनंतर मोठे आतडे अरुंद झाल्याचे आढळले, त्यावरून ही मर्यादा आली. एखादा डोस चुकला, तर पुढच्या जेवणाला दुप्पट घेऊ नये.

शाकाहारी कुटुंबांत एक गोष्ट आधीच बोलायला हवी. पॅनक्रिएटिन डुकराच्या स्वादुपिंडापासून बनते आणि स्वादुपिंडाच्या रुग्णांसाठी त्याच तोडीचा, नेहमीच्या वापरातला शाकाहारी पर्याय नाही. सिरपमधले पेप्सिनही बहुधा डुकराच्या जठरातूनच मिळवतात, हे फ्रिजमधली बाटली निःशंकपणे वापरणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. निर्णय ज्याचा त्याने घ्यावा, पण डॉक्टरांना न कळवता कॅप्सूल मध्येच बंद करू नये.

इंदूरचा पारा मे महिन्यात 40 अंशांवर जातो, म्हणून दवा बाजारातून महिन्याभराच्या कॅप्सूल आणल्यास त्या स्कूटरच्या डिकीत ठेवू नयेत. पाकिटावरील तापमानाची मर्यादा पाहून त्या कोरड्या जागी ठेवाव्यात. ठरलेला डोस वेळेवर घेऊनही शौच तेलकटच राहिले, तर स्वतः कॅप्सूल वाढवण्याऐवजी डॉक्टरांना भेटावे. आम्ल कमी करणारे औषध जोडावे का आणि अ, ड, ई, के जीवनसत्त्वे तपासावीत का, हे ते ठरवतील.