नऊ महिने, दोन पंप : जुन्या १०३५ वरचा लोडर

आमचा मॅसी फर्ग्युसन १०३५ ट्रॅक्टर वडिलांच्या हातचा. तीन सिलेंडर, ३६ एचपी. शेणखत आणि कारखान्याची मळी भरायला दर उन्हाळ्यात जेसीबीवाल्याच्या मिनतवाऱ्या करायचा कंटाळा आला, म्हणून गेल्या दिवाळीत त्याला पुढे लोडर, म्हणजे तेलाच्या दाबावर उचलणारी बकेट, बसवला. सांगाडा, बकेट, जॅक (तेल भरलं की दांडा बाहेर ढकलणारे सिलेंडर) हे गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याने चोख केलं. डोकं खाल्लं ते जॅकला तेल देणाऱ्या पंपाने.

आधी फुकटात भागतंय का बघितलं. मागची अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचा पंप ट्रॅक्टरच्या पोटात आहेच. त्याची लाइन दहा लिटरच्या कॅनमध्ये सोडली आणि मोबाइलवर वेळ लावली. ३७ सेकंद, म्हणजे मिनिटाला १६ लिटर. माझे उचलायचे दोन जॅक ६३ मिलिमीटर बोअरचे (आतला व्यास), स्ट्रोक म्हणजे दांड्याची धाव ६० सेंटिमीटर. दोन्ही पूर्ण उघडायला पावणेचार लिटर तेल. बकेट वर जायला १४ सेकंद लागणार, तोवर ट्रॉलीवाला बिडी ओढून घेईल. शिवाय हे तेल ट्रॅक्टरच्या गिअरबॉक्सचंच, जॅकमधून आलेली घाण थेट गिअरवर. नाद सोडला.

वेगळा पंप घ्यायला गेलो तर दुकानात पहिलाच सल्ला, 'मोठा न्या, जोर येईल.' येत नाही. जोर ठरतो जॅकच्या बोअरवर आणि रिलीफ व्हॉल्व्ह (जास्तीचा दाब सोडणारा) किती बार दाबाला लावलाय त्यावर. मोठ्या पंपाने फक्त वेग वाढतो आणि इंजिनवर बोजा. पंपाच्या सीसीला, म्हणजे एका फेऱ्यात तो जेवढं तेल ढकलतो त्याला, आरपीएमने गुणा, हजाराने भागा, की मिनिटाचे लिटर आले. २५ सीसीचा पंप १५०० आरपीएमला साडेसदतीस लिटर देतो आणि १५० बारवर साडेबारा एचपी मागतो. दुकानदार गळ्यात मारत होता तो ४० सीसीचा, म्हणजे वीस एचपी. छत्तीसातले वीस त्यानेच खाल्ले तर ढिगात घुसायला चाकाला काय उरणार?

तर २५ सीसीचा गिअर पंप घेतला आणि फेरे तिप्पट करणाऱ्या एकास तीनच्या गिअरबॉक्सने पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागे अवजारं फिरवणाऱ्या शाफ्टवर, लावला. उचल मस्त, सहा-सात सेकंदांत बकेट वर. पण आमचा ट्रॅक्टर सिंगल क्लचचा. क्लच दाबला की पीटीओ थांबतो, पीटीओ थांबला की पंप. ढिगातून मागे येताना गिअर बदलायला पाय ठेवला की बकेट अधांतरी. दिवसाला शंभर वेळा हे झालं की माणूस वैतागतो. पीटीओवर चालणारा रोटर (रोटाव्हेटर) लावायचा तर पंप काढा, हे वेगळंच.

म्हणून तोच पंप पुढे नेला, रेडिएटरखालून शाफ्ट काढून थेट इंजिनच्या पुढच्या क्रँक पुलीवर, म्हणजे क्लचचा संबंधच नाही. आणि इथे माती खाल्ली. पीटीओवरचा गिअरबॉक्स फिरण्याची दिशा उलटवतो, त्यामुळे तिथे क्लॉकवाइज पंप लागला होता. क्रँकसमोर तोंड करून बसवलेल्या पंपाला अँटिक्लॉकवाइज लागतो. दिशा पंपाच्या शाफ्टकडे बघून धरायची. दुकानात विचारलं तर म्हणाले, 'चालतंय हो, होज उलटेपालटे करा.' मिस्त्रीने स्टार्टर मारला आणि मिनिटभरात शाफ्टचं सील उडालं. सीलच्या मागची जागा आतून सक्शनला, म्हणजे तेल ओढायच्या बाजूला, जोडलेली असते. पंप उलटा फिरला की तिथेच प्रेशर चढतं. रेडिएटर, पंखा, मिस्त्रीचा शर्ट, सगळं तेलात. त्याने वळून माझ्याकडे बघितलं नुसतं, बोलला काहीच नाही.

दुसरा पंप अँटिक्लॉकवाइज, तोच २५ सीसी. तोही आठवडाभर खडे दळल्यासारखा वाजत होता आणि टाकीत तेलाला ताकासारखा फेस. दोष पंपाचा नव्हता. टाकीतून येणारा होज पाऊण इंची होता. तो सव्वा इंची केला, आतून तारेचा म्हणजे दबत नाही असा, आणि टाकी पंपाच्या वर उचलली. आवाज गेला, फेसही गेला. इतक्या किरकोळ पैशांत एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

त्यानंतर मार्च ते जून रोज काम झालंय. टाकी ४० लिटरची, हायड्रॉलिकचं तेल ६८ नंबर (घट्टपणाचा नंबर); मेच्या उन्हात दुपारी टाकीला हात ठेववत नाही, तेव्हा तासभर थांबतो. शाफ्ट आणि पंप जोडणाऱ्या कपलिंगचं रबर एकदा गेलं, कारण शाफ्ट दोन सूत तिरका होता. रेस कमी असली की बकेट सुस्त, कारण ७०० आरपीएमला सतराच लिटर मिळतात. त्याची सवय झाली.

जुना क्लॉकवाइज पंप नवं सील घालून गिअरबॉक्ससकट शेडमध्ये पडून आहे. ड्युअल क्लचवाल्या (गिअर बदलताना पीटीओ थांबत नाही अशा ट्रॅक्टरच्या) कुणाला हवा असेल तर घेऊन जा, पैशांचं बघू.