घोडबंदर रस्त्यावरील चोवीस तास चालणारे पशुरुग्णालय : सर्पदंशावरील उपचारांचा अनुभव

ठाण्यातील येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी पावसाळ्यात साप दिसणे नवीन नाही. आमच्या लॅब्रेडॉर कुत्रीला, राणीला, रात्री कुंपणाजवळ घोणस चावली, तेव्हा या रुग्णालयात फोन करताच पाय करकचून बांधू नका, जखमेला चिरा देऊ नका, तिला चालवू नका, उचलूनच आणा, असे त्यांनी बजावले. त्याआधी जवळच्या एका दवाखान्याने केवळ स्टेरॉइडचे इंजेक्शन देऊन सकाळपर्यंत थांबण्यास सांगितले होते. सर्पविषावर त्याचा उपयोग होत नाही, हे सांगायलाच हवे.

येथील डॉक्टरांनी सर्पमित्राने फोटोवरून केलेली ओळख लिहून घेतली, पण भिस्त ठेवली ती तपासणीवर. काचेच्या कोऱ्या नळीत थोडे रक्त घेऊन ती वीस मिनिटे न हलवता ठेवली. नंतर तिरपी केली तेव्हा रक्त गोठलेले नव्हते, पाण्यासारखे वाहिले. घोणशीचे विष रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते आणि मूत्रपिंडांनाही इजा करते, हे त्यांनी आम्हाला शांतपणे समजावले. प्रतिविष त्यांच्या फ्रिजमध्येच होते. परिचारिकेने कुपीतील पूड पाण्यात विरघळवताना कुपी हलवली नाही, फेस येऊ नये म्हणून तळहातांत अलगद फिरवत राहिली. अॅलर्जीची तीव्र प्रतिक्रिया उद्भवू शकते म्हणून अॅड्रेनालिन भरून शेजारी ठेवले होते. मात्रा कुत्र्याच्या वजनावर नव्हे, शरीरात गेलेल्या विषावर ठरते. त्यामुळे लहान कुत्र्यालाही कमी कुप्या पुरतील असे नाही. सहा तासांनी रक्ताची तपासणी पुन्हा झाली, लघवीचा रंग व प्रमाणही नोंदवले गेले. राणी बरी होऊन घरी आली.

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांच्या विषावरच हे प्रतिविष चालते. येऊरच्या बांबूंत राहणाऱ्या हिरव्या चापड्या या विषारी सापासाठी ते बनवलेले नाही, हेही डॉक्टरांनी विचारण्याआधीच सांगितले. असा प्रामाणिकपणा मला फार मोलाचा वाटतो.

उणीव एकच. कुपीची किंमत आणि अतिदक्षता विभागाचे दर दर्शनी भागात लावलेले नाहीत, त्यामुळे ऐन धावपळीत खर्चाचा अंदाज तोंडीच घ्यावा लागतो. घरून निघण्यापूर्वी कुप्या शिल्लक आहेत का, हे फोनवर आवर्जून विचारावे. आमच्या वेळी त्यांनी मोजून सांगितले.