१९१५ आणि ई-जागृती: कंपनी दाद देत नसेल तर कोणतं दार कधी ठोठवायचं

मोठ्या कंपनीशी वाजलं की ग्राहकापुढे दोन सरकारी दारं असतात. एक राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, फोन क्रमांक १९१५. दुसरं ई-जागृती पोर्टल, जिथून ग्राहक आयोगात घरबसल्या दावा दाखल करता येतो. हे पोर्टल १ जानेवारी २०२५ ला सुरू झालं, त्याआधी हेच काम ई-दाखिलवर चालायचं. या दोन्हींची लोक सर्रास गल्लत करतात. हेल्पलाइनवर फोन करतात, काही हाती लागलं नाही की "सरकारकडे गेलो, उपयोग नाही" म्हणून विषय सोडून देतात. खरं तर त्यांनी सरकारी पोस्टमनला न्यायाधीश समजलेलं असतं.

आधी निकाल सांगून टाकू. १९१५ ला पाचपैकी साडेतीन, ई-जागृतीला तीन. पहिली सेवा सोपी आहे, पण तिच्या हातात छडी नाही. दुसरीकडे छडी आहे, पण ती उगारायला वेळ लागतो.

१९१५ चा फोन सकाळी ८ ते रात्री ८ चालू असतो, मराठीत बोलता येतं आणि पैसे पडत नाहीत. तरीही फोनपेक्षा consumerhelpline.gov.in या पत्त्यावर, म्हणजे हेल्पलाइनच्या वेबसाइटवर, किंवा तिच्या ॲपवर तक्रार लिहिणं कधीही चांगलं. फोनवर तुमची हकिगत समोरचा माणूस त्याच्या शब्दांत दोन ओळींत बसवतो आणि नेमकी कामाची तारीख गळते. वेबसाइटवर शब्द तुमचे राहतात, बिल आणि फोटो जोडता येतात. नोंद झाली की डॉकेट क्रमांक, म्हणजे तक्रारीचा नोंदणी क्रमांक, मिळतो, तो जपून ठेवायचा.

या सेवेचा खरा फायदा एकाच गोष्टीत आहे. हजाराहून अधिक कंपन्या हेल्पलाइनच्या भागीदार आहेत. त्यांच्याविरुद्धची तक्रार नेहमीच्या कॉल सेंटरच्या रांगेत न जाता कंपनीने त्यासाठी नेमलेल्या लोकांकडे थेट पोहोचते, आणि त्यांच्याकडे पैसे परत करायचे किंवा वस्तू बदलून द्यायचे अधिकार बहुतेकदा असतात. म्हणून रद्द केलेल्या ऑर्डरचा अडकलेला रिफंड, भलतीच आलेली वस्तू, वॉरंटीत असून लांबवलेली दुरुस्ती अशी कामं इथे पटकन हलतात. कंपनी भागीदार नसेल तर तक्रार तिच्याकडे नुसती पाठवली जाते, आणि उत्तर द्यायचं की नाही हे तिच्या मर्जीवर.

अडतं कुठे? जिथे खरं-खोटं ठरवायचं असतं तिथे. फोन बंद पडला, सर्व्हिस सेंटर म्हणतं "आत पाणी गेलंय, वॉरंटी लागू नाही", तुम्ही म्हणता पाण्याला हातही लागला नाही. हेल्पलाइन यात काहीच करू शकत नाही. तिला पुरावा तपासायचा, साक्ष घ्यायची, आदेश द्यायचा अधिकारच नाही. ती कंपनीचं म्हणणं तुमच्यापर्यंत पोहोचवते आणि डॉकेट बंद होतं. पण हे अगदीच फुकट गेलं असं नाही. कंपनीने तिथे लिहिलेला शेरा ही तिची लेखी भूमिका असते. उद्या आयोगात तिने वेगळंच कारण सांगितलं तर हाच कागद समोर ठेवता येतो. म्हणून डॉकेट बंद झाल्यावर ते पान पीडीएफ करून ठेवायचंच.

आता तक्रार कशी लिहायची. बहुतेक तक्रारी रागावर खर्च होतात आणि तपशिलात कमी पडतात. हा नमुना पाहा:

"ऑर्डर क्रमांक (अमुक), १२ मार्च, मिक्सर, रु. ४,२९९, यूपीआयने भरले. १६ मार्चला मिळाला, जार तडकलेला. त्याच दिवशी ॲपवर फोटोसह तक्रार, क्रमांक (अमुक). १९ मार्चला पिकअप रद्द. कारण 'ग्राहक उपलब्ध नाही' असे दाखवले. त्या दिवशी एकही फोन आला नाही, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट जोडला आहे. २० मार्चला तक्रार निवारण अधिकाऱ्याला ईमेल, उत्तर नाही. मागणी: रु. ४,२९९ मूळ खात्यात परत."

एवढंच. वाचणाऱ्याला दोन मिनिटांत निर्णय घेता आला पाहिजे. हेल्पलाइनच्या तक्रारीत मानसिक त्रासाचे पाच लाख मागू नका. जो माणूस चार हजारांचा रिफंड तिथल्या तिथे मंजूर करू शकला असता, तो अशी मागणी पाहून फाइल कायदा विभागाकडे ढकलतो. नुकसानभरपाई मागायची जागा आयोग आहे.

कंपनीचं नाव निवडतानाही घोळ होतो. ऑनलाइन घेतलेल्या फोनमागे चार पक्ष असू शकतात: ज्या ॲपवरून घेतला ते, त्यावरचा विक्रेता, फोन बनवणारी कंपनी आणि ईएमआय देणारी बँक. वस्तू चुकीची किंवा फुटकी आली तर ॲप आणि विक्रेता. वॉरंटीचा प्रश्न असेल तर उत्पादक. ऑर्डर रद्द होऊनही हप्ता कापला जात असेल तर बँकही. चुकीच्या नावावर तक्रार टाकली की "हा आमचा विषय नाही" असं उत्तर येतं, आणि त्यात आठवडा जातो.

सगळ्यात जास्त फसवणारा शेरा म्हणजे "रिफंड केला आहे, तक्रार निकाली". खात्यात मात्र खडखडाट. अशा वेळी वाद घालत बसण्यापेक्षा रिफंडच्या व्यवहाराचा संदर्भ क्रमांक मागा: कार्डाने पैसे भरले असतील तर एआरएन, यूपीआयने असतील तर १२ अंकी आरआरएन. हा क्रमांक घेऊन बँकेला विचारलं की पैसे कुठे अडकलेत ते कळतं. आणि क्रमांक देताच येत नसेल, तर रिफंड निघालेलाच नाही असं समजून पुढे चला. पैसे मूळ खात्याऐवजी ॲपच्या वॉलेटमध्ये टाकून "परत केले" म्हणायचीही पद्धत आहे. ते मान्य नसेल तर लगेच लेखी कळवा; वॉलेटमधला एक रुपया वापरला तरी ती संमती समजली जाऊ शकते.

१९१५ च्या आधीची एक पायरी बहुतेक जण गाळतात. ई-कॉमर्स नियम, २०२० नुसार प्रत्येक ऑनलाइन विक्री कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं. हा पत्ता साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरात असतो. कस्टमर केअरच्या चॅटवर दहा वेळा तेच तेच सांगण्यापेक्षा या पत्त्यावर एक ईमेल टाकलेला बरा. फोनवर बोलणं झालंच तर नंतर दोन ओळींचा ईमेल करा: "आज दुपारी आपल्या प्रतिनिधीशी बोलणे झाले, पाच दिवसांत बदली वस्तू देऊ असे त्यांनी सांगितले." कंपनीकडचं रेकॉर्डिंग तुम्हाला मिळेलच असं नाही, हा ईमेल मात्र तुमचा आहे. आणि कस्टमर केअरचा नंबर सर्च इंजिनवर शोधू नका. तिथे भामट्यांनी पेरलेले नंबर असतात. कुणी ओटीपी काढून घेऊन खातं रिकामं केलं असेल तर तो १९१५ चा विषयच नाही. तेव्हा १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, आणि तोही लगेच.

बँक, विमा, मोबाइल यांचं थोडं वेगळं. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस गेले की रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, ऑनलाइन जाता येतं. विम्यासाठी बीमा भरोसा पोर्टल आणि विमा लोकपाल आहेत, लोकपालाची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. मोबाइल कंपनीत आधी तक्रार क्रमांक, मग तिथल्याच अपील प्राधिकरणाकडे. टेलिकॉमची तक्रार ग्राहक आयोगात चालतच नाही असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. ती चालते हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलंय.

आता ई-जागृती. हेल्पलाइनने हात टेकले की इथे यायचं, पण हेल्पलाइनकडे गेल्याशिवाय इथे येता येत नाही असं मुळीच नाही. मुदत मात्र लक्षात ठेवा: तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षं. कंपनीशी ईमेलवर ये-जा चालू आहे म्हणून ही मुदत आपोआप वाढत नाही.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ने ग्राहकाच्या बाजूने केलेला सर्वात मोठा बदल म्हणजे तुम्ही राहता किंवा नोकरी-धंदा करता त्या जिल्ह्यात दावा टाकता येतो. अटींमध्ये "केवळ बेंगळुरू न्यायालयांच्या अधीन" असं छापलेलं असलं तरी साताऱ्याच्या माणसाला सातारा जिल्हा आयोगात जाता येतं. "वाद लवादाकडेच न्यावा लागेल" हे कलमही आयोगाचं दार बंद करत नाही. वकील सक्तीचा नाही. स्वतः बाजू मांडता येते, आणि व्हिडिओ सुनावणीची तरतूद आहे.

कोणत्या आयोगात जायचं ते तुम्ही प्रत्यक्ष मोजलेल्या किमतीवर ठरतं, मागितलेल्या भरपाईवर नाही. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, ५० लाख ते २ कोटी राज्य आयोग, त्यावर राष्ट्रीय. शुल्कही याच किमतीवर: ५ लाखांपर्यंत काहीच नाही, १० लाखांपर्यंत २०० रुपये, २० लाखांपर्यंत ४०० आणि ५० लाखांपर्यंत १,०००. म्हणजे फ्रिज, फोन, मिक्सर, विमानाचं तिकीट यांच्या दाव्याला सरकारी शुल्क शून्य.

पोर्टलवर ओटीपीने नोंदणी होते, मग पक्षकारांची नावं-पत्ते, घटनांचा तारीखवार तक्ता, तक्रार अर्ज, नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र आणि पुरावे पीडीएफ करून चढवायचे. त्यानंतर छाननी होते आणि इथेच गाडी अडते. त्रुटी काढून अर्ज परत येण्याची कारणं ठरलेली असतात: पानांना क्रमांक नाहीत, मोबाइलने काढलेला फोटो वाचता येत नाही, प्रतिज्ञापत्रावर तारीख नाही, कंपनीच्या नावाऐवजी ब्रँडचं नाव घातलंय. हे शेवटचं फार महत्त्वाचं. बिलावर खाली जे पूर्ण नाव असतं, शेवटी "प्रायव्हेट लिमिटेड" किंवा "लिमिटेड" असलेलं, तेच लिहायचं. विक्रेता, ॲप आणि उत्पादक तिघांनाही पक्षकार केलं की एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. अर्ज ऑनलाइन मंजूर झाल्यावरही काही आयोग छापील संच मागतात, तेव्हा एक जास्तीचा संच तयार असू द्या.

स्क्रीनशॉट आणि ईमेल पुरावा म्हणून जोडताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या, म्हणजे पुराव्याच्या कायद्याच्या, कलम ६३ खालचं इलेक्ट्रॉनिक नोंदींचं प्रमाणपत्र सोबत द्यावं. ग्राहक आयोग पुराव्याच्या तांत्रिक नियमांना न्यायालयाइतके चिकटून बसत नाहीत, पण समोरचा वकील याच मुद्द्यावर एक तारीख खाऊ शकतो.

एक सापळा छोट्या दुकानदारांसाठी. लॅपटॉप घेताना जीएसटी क्रमांक टाकून फर्मच्या नावाने बिल केलं, इनपुट क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं, आणि लॅपटॉप बिघडला. कंपनीचा पहिला आक्षेप येतो: ही व्यावसायिक खरेदी, तुम्ही ग्राहकच नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरलेल्या वस्तूला कायद्यात सूट आहे, पण ते सिद्ध करायची जबाबदारी तुमच्यावर येते. तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात ते लिहिलेलं असावं.

नोटीस मिळाल्यावर कंपनीला उत्तर द्यायला ३० दिवस असतात, आयोग फार तर आणखी १५ देऊ शकतो. ४५ दिवसांनंतर आलेलं उत्तर घ्यायचं नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च २०२० मध्ये ठरवलंय. त्यामुळे नोटीस बजावल्याची तारीख स्वतः टिपून ठेवा. प्रयोगशाळेची तपासणी लागत नसेल तर निकाल ३ महिन्यांत लागावा असं कायदा म्हणतो. हे क्वचित घडतं, आणि ई-जागृतीचे दोन गुण तिथेच कापले. पोर्टल कितीही चकचकीत केलं तरी तारीख ती तारीखच.

दावा दाखल झाला की कंपनीकडून तडजोडीचा फोन बरेचदा येतो. रक्कम पटत असेल तर जरूर घ्या, पण आधी मसुदा ईमेलवर मागा: किती रक्कम, कोणत्या खात्यात, किती दिवसांत. पैसे जमा होण्याआधी दावा मागे घेऊ नका. अर्धीच रक्कम देऊन "संपूर्ण व अंतिम समझोता" अशा कागदावर सही मागितली, तर "उर्वरित हक्क राखून स्वीकारले" असं सहीजवळ लिहा. ते चालत नाही म्हणाले तर सही करू नका.

निकाल तुमच्या बाजूने लागल्यावर त्याची प्रमाणित प्रत मोफत मिळते. कंपनीला राज्य आयोगात अपील करायला ४५ दिवस असतात, आणि त्यासाठी आदेशातल्या रकमेच्या ५० टक्के आधी भरावे लागतात. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, असं झालं तर त्याच जिल्हा आयोगात अंमलबजावणीचा अर्ज टाकायचा. ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम ७१ खाली दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखी वसुली होते. कलम ७२ खाली आदेश न पाळणाऱ्याला १ महिना ते ३ वर्षं कैद, किंवा २५ हजार ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ७२ खालच्या अर्जात कंपनीच्या संचालकांची नावं घालावीत. ती कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर मिळतात. समन्स संचालकाच्या नावाने निघालं की महिनोन् महिने न हललेला धनादेश बऱ्याचदा पुढच्या तारखेआधी येतो.