व्हिक्टरी, त्रिंकोमाली की गुराब? लाकडी युद्धनौकेचं पहिलं मॉडेल निवडताना

"लाकडी युद्धनौका करायचीय, व्हिक्टरीचं किट मागवू का?" असं विचारणाऱ्याचं मनातून बहुतेक ठरलेलंच असतं. कुणीतरी मान डोलवायची तेवढी बाकी असते. मी डोलवत नाही. जहाज कोणतं हे सगळ्यात शेवटी ठरवावं. त्याआधी स्वतःला विचारा: लाकूड तासत बसायला आवडतं, दोऱ्याच्या गाठी मारायला आवडतं, की जुने आराखडे आणि उल्लेख चाळायला? या छंदात तिन्ही कामं असतात, पण प्रत्येक जहाजात त्यांचं प्रमाण वेगळं.

पुण्यात बसून सुरुवात करणाऱ्यासमोर साधारण चार वाटा आहेत. व्हिक्टरीसारखं भलंमोठं आयात किट, एका डोलकाठीच्या कटरचं छोटं किट, मुंबईत बांधलेली त्रिंकोमाली आराखड्यावरून स्वतः करणं, आणि आपली, मराठ्यांच्या आरमारातली लढाऊ नौका गुराब. चौघींना सारखी जागा देणार नाही, कारण सुरुवात करणाऱ्याच्या दृष्टीने त्या सारख्या नाहीतच.

व्हिक्टरी: खिसा, भिंत आणि चिकाटी

एचएमएस व्हिक्टरी 1765 साली चॅटमला पाण्यात उतरली, 1805 मध्ये ट्रॅफलगरच्या लढाईत ब्रिटिश नौसेनापती नेल्सन तिच्यावर होता, आणि आज ती पोर्टस्मथला प्रत्यक्ष बघता येते. त्यामुळे संदर्भांची ददात नाही. अडलात तर कुणीतरी तीच जागा आधी करून तिचे फोटो काढून ठेवलेले असतात. नवख्याला हा मोठा आधार आहे, हे मान्य.

पण मापं बघा. कॅल्डरक्राफ्ट या किट कंपनीचं 1:72 प्रमाणातलं मॉडेल पुढच्या बोस्प्रिटच्या (जहाजाच्या तोंडातून पुढे आलेल्या तिरक्या काठीच्या) टोकापासून मागपर्यंत सुमारे 1.4 मीटर भरतं. कोरेलचं 1:98 घेतलंत तरी जवळपास मीटरभर. ट्रॅफलगरला जहाजावर 104 तोफा होत्या. अनेक किटांत खालच्या डेकच्या तोफांची नुसती नळीच बाहेर काढायची असते, तरी प्रत्येक तोफद्वाराची चौकट कापायची, घासायची, रंगवायची, झडप आणि बिजागरी लावायची हे सगळं आलंच. पहिल्या दहा झडपा मजेत होतात. पुढच्या झडपांना मजा उरत नाही, फक्त शिस्त उरते. त्यानंतर तळाला तांब्याचे पत्रे. मूळ जहाजाला ते 1780 मध्ये बसवले होते, मॉडेलला हजारो चिमुकले तुकडे एकेक करून चिकटवायचे. हे एवढं झाल्यावर तीन डोलकाठ्यांचा दोरखंड सुरू होतो. सगळं मिळून हजाराहून जास्त तास सहज जातात. शनिवार-रविवारी बसणाऱ्या नोकरदाराने ते वर्षांत मोजावेत.

शिपिंग, कस्टम ड्यूटी, जीएसटी धरून असल्या मोठ्या किटचा हिशेब लाखाच्या घरात जातो. एवढे पैसे घातल्यावर माणूस चुकायला घाबरतो, आणि घाबरलेल्या हाताने पट्टी वाकत नाही, मोडते. शिवाय खोक्यावरचं चित्र म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे. व्हिक्टरीचे ते पिवळेजर्द पट्टे बहुतेक किटांवर अजून दिसतात, पण जुन्या रंगाच्या थरांचा अभ्यास करून 2015 मध्ये मूळ जहाज फिकट, गुलाबीकडे झुकणाऱ्या रंगात रंगवलं गेलं.

ट्रॅफलगरचाच हट्ट असेल तर मधला छेद करावा. कोरेल व्हिक्टरीचा असा उभा छेद विकते, ओक्रे ही कंपनी सांतिसिमा त्रिनिदाद या स्पॅनिश युद्धनौकेचा. डेक एकावर एक कसे होते, तोफा दोरांनी कशा बांधत, तळाशी पिंपं कशी रचत, हे पूर्ण मॉडेलपेक्षा छेदात जास्त कळतं, आणि ते पुस्तकांच्या कपाटात मावतं. मला विचाराल तर अर्धवट पडलेल्या व्हिक्टरीपेक्षा पूर्ण झालेला छेद कधीही बरा.

कटर: छोटं जहाज, खरा अभ्यास

कॅल्डरक्राफ्टची शेरबोर्न (मूळ जहाज 1763 चं, इंग्लिश खाडीत चोरट्या व्यापाऱ्यांचा पाठलाग करणारं) 1:64 प्रमाणात जेमतेम अर्धा मीटर लांब होते. डोलकाठी एक, तोफा मोजक्या. व्हॅनगार्डची अलर्ट आणि अमातीची लेडी नेल्सन याच जातीच्या. अशी छोटी युरोपीय किटं शंभर-दोनशे युरोंच्या आतबाहेर मिळतात. ड्यूटी वेगळी.

छोटं म्हणजे सोपं, या भ्रमात राहू नका. कटरची नाळ (जहाजाचं पुढचं तोंड) चांगली गोल आणि फुगीर असते, त्यामुळे फळ्या बसवण्याचं खरं शिक्षण इथेच होतं. किटमधल्या सांगाड्याच्या फ्रेम लेझरने कापलेल्या असतात आणि त्यांच्या कडा काटकोनात असतात. पुढच्या फ्रेमची कड तशीच ठेवून पट्टी लावली तर ती फक्त एका रेषेवर टेकते, सरस धरत नाही. म्हणून आधी पट्टी नुसती धरून बघायची, उजेड दिसतो तिथे पॉलिश पेपरने तिरपं घासायचं, पुन्हा धरायची. मग दुसरा प्रश्न. जहाजाच्या मध्यावर फ्रेमचा घेर जास्त, नाळेकडे कमी. मध्यावर 5 मिलिमीटरच्या जितक्या पट्ट्या बसतात तितक्या पुढे बसणारच नाहीत. घेर मोजून प्रत्येक पट्टी नाळेकडे निमुळती करत जायचं, मात्र अर्ध्यापेक्षा अरुंद करायची नाही, नाहीतर टोक सुरीसारखं होऊन फाटतं. पट्टी गरम पाण्यात भिजवून इस्त्रीच्या टोकावर किंवा सोल्डरिंगच्या गनवर वाकवतात. एक पट्टी डावीकडे लावली की दुसरी उजवीकडे. एकाच बाजूने लावत सुटलात तर कण्याला पीळ पडतो आणि तो नंतर कशानेही निघत नाही.

बऱ्याच किटांत फळ्यांचे दोन थर असतात: आत लाइमच्या लाकडाचा जाडसर, वर अक्रोडाचा पातळ. पहिला थर बिघडला तरी लांबी (पुट्टी) भरून, घासून झाकता येतो. शिकणाऱ्यासाठी ही सोय सोन्यासारखी आहे, आणि एकेरी थराचं किट पहिल्यांदा घेऊ नये ते याचसाठी.

ज्याने पटाशी-रंधा कधी हातातच धरला नाही, त्याने कटरच्याही आधी मॉडेल शिपवेजच्या तीन होड्यांचा संच बघावा. युद्धनौका नाहीत त्या, पण हात तयार होतो.

त्रिंकोमाली: गोष्ट आपल्याकडची, काम कसलेल्याचं

नेपोलियनशी झालेल्या युद्धांनी इंग्रजांचा ओक संपत आला, तेव्हा त्यांनी मुंबईच्या गोदीकडे बघितलं. वाडिया घराण्याचे जमशेटजी बोमनजी तिथले मुख्य जहाजबांधणीकार. त्यांच्या गोदीतून 1813 मध्ये 74 तोफांची कॉर्नवॉलिस उतरली. 1842 चा इंग्रज आणि चीन यांच्यातला नानकिंगचा तह तिच्यावरच झाला. त्रिंकोमाली ही फ्रिगेट 12 ऑक्टोबर 1817 ला पाण्यात उतरली. सगळी मलबारी सागवानाची, आणि इंग्लंडातल्या हार्टलपूलला ती आजही तरंगते आहे. गंमत आराखड्याची आहे. लेडा वर्गाची ही रचना मुळात 1782 मध्ये पकडलेल्या एबे या फ्रेंच जहाजावरून उचललेली. मुंबईकडे पाठवलेले कागद जावा या जहाजावर होते, आणि 1812 च्या अखेरीस अमेरिकेच्या कॉन्स्टिट्यूशन या युद्धनौकेने जावालाच गाठून संपवलं. मग नवी प्रत पाठवावी लागली.

लेडा वर्गाचे आराखडे ग्रीनिचच्या सागरी संग्रहालयात आहेत आणि प्रती विकत मिळतात. 1:64 ला तोफांचा डेकच 70 सेंटिमीटरच्या वर जातो, बोस्प्रिट धरून मॉडेल मीटरपलीकडे. आराखड्यातून फ्रेम काढणं, तीन डोलकाठ्या, फ्रिगेटचा पूर्ण दोरखंड, सगळं डोळ्यांनी वाचून हातात उतरवायचं. एक-दोन जहाजं झाल्यावर याच्यासारखा आनंद नाही. पहिल्यांदा मात्र हात लावू नये.

इथे एक सल्ला, जो ऐकून लोक नाराज होतात: सागवानी जहाजाचं मॉडेल सागवानाचं करू नका. सागाची रेषा 1:64 ला ढोबळ दिसते, रंध्रं मोठी, पातळ पट्टी रेषेवर चिरते, लाकडातल्या तेलामुळे सरस नीट धरत नाही आणि पटाशीची धार लवकर जाते. बीच, शिवण किंवा हेद (हळदू) घ्या. हेद पिवळसर आणि बारीक कणाचं, तासायला लोण्यासारखं. रंग सागाकडे न्यायचाच असेल तर तो पॉलिशने नेता येतो.

गुराब: किट नाही, हीच अडचण आणि हीच मजा

आता माझा पक्षपात उघड करतो. पुण्यातल्या माणसाने दुसरं जहाज गुराब करावं.

गुराबेचा गोदीतला तयार आराखडा हाती घेऊन काम करायची सोय नाही. जे आहे ते वर्णन. ईस्ट इंडिया कंपनीचा इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने अठराव्या शतकात ते नेमकं केलं आहे. गुराबा बहुतेक दोन डोलकाठ्यांच्या, काही तीन. दोनवाल्या 150 टनांपर्यंत, तीनवाल्या सुमारे 300. लांबीच्या मानाने रुंद, मध्यापासून पुढे निमुळत्या होत गेलेल्या. नाळ भूमध्य समुद्रातल्या गॅलीसारखी लांब पुढे आलेली. तिच्या मागे आडवी लाकडी भिंत, तिला दोन तोफद्वारं, आणि त्यातून 9 किंवा 12 पौंडी दोन तोफा नाळेवरून थेट समोर डागणाऱ्या. बगलेला 6 ते 9 पौंडी. सोबतीला गलबतं, 70 टनांच्या आतली, मोठं त्रिकोणी शीड आणि 40-50 वल्ही. वारा पडला की गलबतं गुराबेला ओढून न्यायची.

एवढ्यावर मॉडेल होतं का? होतं. पण प्रत्येक ठिकाणी निर्णय तुमचा. नाळ किती लांब? मागचा डेक किती उंच? मी म्हणेन, सगळं कौशल्य त्या पुढच्या भागावर खर्च करा. डेक, आडवी भिंत, दोन तोफा आणि खाली सुळक्यासारखी गेलेली नाळ, एवढं नीट जमलं की बघणाऱ्याला गुराब ओळखू येते. सोनेरी नक्षीचा मागचा सज्जा नाही, तोफांची पलटण नाही, दोरखंड फ्रिगेटच्या मानाने थोडका. म्हणजे हाताला काम कमी आणि डोक्याला जास्त. मात्र पाटीवर 'वर्णनावरून केलेली पुनर्रचना' असं स्वच्छ लिहा. नुसतं 'कान्होजी आंग्र्यांची गुराब' लिहून मोकळं होऊ नका. कान्होजींचे पुत्र तुळाजी आंग्रे यांचं आरमार फेब्रुवारी 1756 मध्ये विजयदुर्गाला जळालं, तेही पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केलेली असताना. शनिवारवाड्याच्या गावात गुराब करणाऱ्याला हा सल माहीत असावा.

साहित्याचं म्हणाल तर किट नसल्याचं पुण्यात फारसं अडत नाही. फ्रेम कॉम्प्युटरवर काढा आणि ट्रॉफ्या, पाट्या कापणाऱ्या कुठल्याही लेझरवाल्याकडून 3-4 मिलिमीटर प्लायमध्ये कापून घ्या. साध्या कमर्शियल प्लायमध्ये आत भरलेल्या लांबीपाशी लेझर अडतो, म्हणून एरोमॉडेलिंगचा बर्च प्लाय बरा. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात लाकूड मिळेल, पण मिलिमीटरभर पट्टी कापून मागितलीत तर सुताराच्या मशीनचं पातं प्रत्येक कापात तीन मिलिमीटर भुस्सा करतं. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. त्यापेक्षा वरच्या थराला फर्निचरचं अर्ध्या मिलिमीटरचं विनिअर घ्या आणि स्टीलच्या पट्टीवर कटरने पट्ट्या काढा. कानशी, बारीक ड्रिल, चिमटे, छोटे क्लॅम्प बोहरी आळीत एका फेरीत होतात. तोफांच्या नळ्या पितळेच्या हव्या असतील तर हे लेथवाल्यांचं शहर आहे. डझनभर नळ्यांसाठी फक्त कुणाला तरी गोडीत पटवावं लागतं. दोरा मात्र सुती घेऊ नका, त्याला लव सुटते आणि लहान प्रमाणात ती दोराइतकीच जाड दिसते. पॉलिस्टर घ्या आणि मधमाशीच्या मेणावरून ओढून वापरा.

जागा आणि हवा

मॉडेलला काच किंवा अ‍ॅक्रिलिकची पेटी लागतेच. पुण्याची धूळ दोरखंडात एकदा बसली की ब्रशने निघत नाही, उलट दोर तुटतात. 1:72 व्हिक्टरीची उंची जवळपास मीटरभर. पेटीसकट ती लिफ्टमध्ये आणि दारातून जाते का, हे किट मागवण्याआधी टेपने मोजा. घरमालक दर अकरा महिन्यांनी बदलत असेल तर कटर किंवा छेद, दुसरा विचार नको.

हवेचं गणितही आहे. पावसाळ्यात फेविकॉल उशिरा सुकतो, लाकूड फुगतं, वार्निशवर धुरकट पापुद्रा येतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत त्याच फळ्या आकसून फटी दाखवतात. फळ्यांचं काम ऑक्टोबर ते फेब्रुवारीत उरकावं. पावसाळ्यात कप्प्या रंगवा, झडपा करा, तोफांचे गाडे जोडा. दोर ताणायचं काम दमट दिवसांत टाळलेलं बरं. किट गणपतीच्या सुमारास मागवलंत तर कस्टम्समधून सुटून ते दिवाळीच्या आगेमागे हातात पडतं आणि पहिली पट्टी नेमक्या हवेत लागते.