कंपनी कुठली, की सर्व्हर कुणाचा?

रिमोट डेस्कटॉप, म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर दुरून चालवायचा प्रोग्राम, निवडायचं म्हटलं की हल्ली पहिला प्रश्न येतो, "कंपनी कुठली?" टीमव्ह्यूअर आणि एनीडेस्क जर्मन, म्हणून निर्धास्त, रस्टडेस्कमागची कंपनी सिंगापूरची, पण तिचं नाव चीनशी जोडलं जातं, म्हणून नको. मीही वर्षभर असंच म्हणत होतो.

शंका अगदीच पोकळ नाही. कंपनी जिथली, तिथलं सरकार कायद्याचा बडगा दाखवून तिच्याकडून माहिती मागू शकतं. पण पत्ता चांगला म्हणून घर सुरक्षित, असंही नाही. एनीडेस्कच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं 2024च्या सुरुवातीला उघड झालं आणि त्यांना आपलं साइनिंग सर्टिफिकेट, म्हणजे प्रोग्राम खरा आपलाच असल्याची डिजिटल सही, बदलावं लागलं. त्याच वर्षी जूनमध्ये टीमव्ह्यूअरच्या अंतर्गत नेटवर्कमध्ये कुणीतरी शिरलं. कंपनीनेच बोट रशियाशी संबंधित गटाकडे दाखवलं. ग्राहकांच्या माहितीला धक्का लागला नाही, असंही सांगितलं.

रस्टडेस्ककडे वळायचा माझा निर्णय मात्र यावर ठरला नाही. मी आधी वापरत होतो त्या प्रोग्रामचं नाव राहू दे. आईच्या कॉम्प्युटरवर फोटोंचा बॅकअप लावत होतो आणि मध्येच पाटी आली: तुम्ही व्यावसायिक वापर करत असल्याचा संशय आहे. कनेक्शन तुटलं. पुन्हा जोडलं, पुन्हा तुटलं. फोनवर आई विचारते, "मी काही चुकीचं दाबलं का रे?" राग पैशांचा नव्हता. माझ्या नि आईच्या मध्ये तिसरा कुणीतरी बसलाय आणि दार त्याच्या हातात आहे, हे तेव्हा टोचलं.

रस्टडेस्कचा कोड उघडा आहे, कुणालाही वाचता येतो. मी तो वाचलेला नाही, उगाच कशाला मिरवू. मला पटला तो स्वतःचा सर्व्हर. त्याचे दोन भाग: एचबीबीएस दोन मशीनची गाठ घालून देतो, थेट जुळलं नाही तर एचबीबीआर मधला पूल होतो. दोन्ही माझ्याच एका जुन्या मशीनवर चालतात. राउटरवर 21115 ते 21117 हे पोर्ट, म्हणजे बाहेरून आत येण्याच्या क्रमांकाच्या वाटा, उघडताना (21116 टीसीपीबरोबर यूडीपी या दुसऱ्या पद्धतीसाठीही उघडावा लागतो, मी तोच विसरलो) एक संध्याकाळ गेली. शिवाय प्रत्येक मशीनवर सर्व्हरची ‘की’ (ओळखीची लांबलचक किल्ली) टाकावी लागते. ते कंटाळवाणंच आहे.

हे न करता रस्टडेस्कच्याच तयार सार्वजनिक सर्व्हरवर रस्टडेस्क चालवणार असाल, तर 'कुठली कंपनी' हा प्रश्न तसाच उरतो. मग जर्मन काय वाईट? रोज वेगवेगळ्या अनोळखी लोकांना मदत करणाऱ्याला तेच सोयीचं पडेल. घरच्या चार मशीनसाठी मी तरी परत जाणार नाही. अपडेट मात्र दोन दिवस थांबूनच टाकतो. जुनी शंका पुरती गेलेली नाही.