मेंटेनन्स कमी, की निधी भरलेला?

रीसेल फ्लॅट बघताना एका सोसायटीचा मेंटेनन्स इतका कमी, की एजंट तोच आधी सांगतो, दुसरीचा दुप्पट. मी दुसरी घेईन.

महाराष्ट्रातल्या सोसायट्यांच्या आदर्श उपविधींप्रमाणे (नमुना नियमावली) फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान 0.25 टक्के सिंकिंग फंडात (पुढच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) आणि 0.75 टक्के दुरुस्ती निधीत जायला हवेत. स्वस्त सोसायटीत बहुधा यालाच कात्री लागलेली असते. मग गच्ची गळू लागली की वर्गणी काढा, नाहीतर ताडपत्री टाका. इमारत 30 वर्षांवरची असेल तर दर 3 वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट (इमारतीच्या मजबुतीची तपासणी) लागतं, अहवाल मागा. ‘आहे कुठेतरी’ म्हणाले तर समजून जा.

महागड्या सोसायटीतही थकबाकीदारांची यादी बघाच. लिफ्ट चकचकीत, भरणारे निम्मेच, असंही असतं. स्वस्तवाली घ्यायचीच, तर दुरुस्तीचे पैसे धरून भाव पाडून मागा.